एकास बारा

“पाय सोड. सोड गं बाई, पाणी धरतंय तुला!”

बापाचा हा आवाज पहिल्यांदा ऐकून सदतीस वर्षं झाली, तरी तिच्या कानात तो अजून ओलाच होता. बाप खाणीत दगड फोडायचा. जुन्या खाणीतलं काम कधीच संपलं होतं. तिथे झऱ्याचं पाणी साठून हिरवंगार तळं झालं होतं. सुट्टीच्या दिवशी बाप अंगावरची धूळ धुवायला तिकडे निघायचा आणि निघताना थोरल्या लेकीला खांद्यावर घ्यायचा. चौथ्या वर्षी तिला ताप आला होता. ताप गेला तो दोन्ही पायांतला जीव घेऊन. जमिनीवर ते पाय पिळून टाकलेल्या कपड्यासारखे मागून फरफटत यायचे. पाण्यात मात्र तेच पाय शेवाळासारखे हलायचे, डोलायचे, आणि तिला वाटायचं, अरे, हे तर माझेच आहेत.

बाप गेला. मग धाकटा भाऊ तिला पाठीवर घेऊन जायला लागला. दोन उन्हाळे गेले तसे. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी तो दारातच उभा राहिला आणि चप्पल न काढता म्हणाला, “पाणी खराब झालंय, आक्का. अंगाला खाज सुटते.”

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत हात स्वच्छ होते. एक पुळी नव्हती. त्या दिवसापासून घरात पाण्याचा विषय निघाला तो फक्त हंड्याचा आणि बादलीचा.

आता भाऊ चांगला गवंडी झाला होता. ओळंबा सोडला की भिंत त्याचं ऐकायची. भावजय त्याच्या हाताखाली माल कालवायची, घमेली उचलायची. आक्का अंगणात बसून वाळू चाळायची. मांडीशी चाळण धरली की दिवसाला दोन ढीग. एक खड्यांचा, एक बारीक वाळूचा. चाळता चाळता ती आपल्याशीच गुणगुणायची,

“वाळू गं चाळते, खडा वरतीच राहतो,
बारीक जो झाला, तोच भिंतीत जातो.”

“वन्सं, तुमचं हे गाणं ऐकलं की मला उगाच खड्याची दया येते,” भावजय म्हणायची.

“खड्याची नको करूस. माझ्या खांद्याची कर आणि जरा तेल चोळ.”

त्या वर्षी नगरपंचायतीच्या कचेरीने जुन्या खाणीच्या तळ्याला कठडा घातला, ओटा बांधला, बाकडी मांडली, फाटक बसवलं. गावकऱ्यांना पोहायला आणि संध्याकाळी बसायला जागा झाली. ओटा रस्त्यापासून चार फूट उंच आणि चढायला आठ पायऱ्या. सगळं बांधून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की वरून आलेल्या नियमात रॅम्पही होता. चाकाची खुर्ची वर जायला चढण. ती नसेल तर उद्घाटनाला परवानगी नाही. मग धावाधाव झाली आणि काम मुकादमाकडून आक्काच्या भावाकडे आलं.

मुकादमाने एक कागद दिला. भावाला अक्षरं लागायची, पण एकेक करून, दगड उचलावा तशी. म्हणून कागद नेहमीप्रमाणे आक्काच्या हातात आला.

“वाच बरं.”

“रॅम्प. मग दोन टिंबं, मग एकास बारा.” तिने कागद जवळ धरला. “खाली लिहिलंय, लांबी जागेवर पाहून. आणि सही.”

“एकास किती?”

“बारा.”

भावाने कानातली काडी बाहेर काढली. “एकास चार ऐकलं. एकास सहा ऐकलं. एकास आठ म्हणजे कंजूष माणसाचा गिलावा. एकास बारा म्हणजे नुसती वाळूच की गं! फुंकर मारली तर उडेल.”

त्या घरात ‘एकास’ म्हटलं की मागे सिमेंट आणि पुढे वाळू. दुसरा अर्थच नव्हता. सिमेंटचं एक घमेलं आणि वाळूची जेवढी घमेली सांगाल तेवढी. लहान मुलांना पाढे शिकवावेत तशी ही प्रमाणं बापाने दोघांना शिकवली होती.

“नीट वाच.”

“नीटच वाचतेय. एक, दोन टिंबं, बारा. मला काय बारा कळत नाही होय?”

भावजय म्हणाली, “अहो, कचेरीतली माणसं शिकून लिहितात. नवीन तऱ्हेचं सिमेंट आलं असेल.”

भावाने मुकादमाला फोन लावला. मुकादमाचा आवाज अंगणभर ऐकू आला. “कागदावर काय आहे? मग तेच कर ना बाबा! साहेबापेक्षा तुला जास्त कळतं? नसती अक्कल पाजळू नकोस, रविवारी उद्घाटन आहे.”

आक्काने चाळण उचलली. दर बारा घमेल्यांना मोजणीचा एक खडा बाजूला टाकत ती चाळत राहिली. हात वाळूत होते, पण मन चार फूट वर ओट्यावर जाऊन बसलं होतं. ओट्यावरून पाण्यात उतरायला पायऱ्या होत्या, हे तिने भावाकडून काढून घेतलं होतं. पायऱ्यांवरून बसत बसत, हातांवर जोर देत उतरणं तिला येत होतं. घरात ती हातांवरच चालायची. रस्त्यावर मात्र नाही, चार लोकांच्या नजरेखाली तर नाहीच. अडलं होतं ते एवढ्या चार फुटांपाशी. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाली असती, “मला काय करायचंय आता पाण्यात जाऊन, या वयात?”

काम तीन दिवसांत उरकलं. दोन्ही बाजूंना विटा, मधे मुरूम आणि दगडाची भर, वर माल. लांबी जागेवर पाहून म्हणजे किती, हे जागेनेच ठरवलं. पायऱ्यांच्या शेजारी अकरा फुटांवर अध्यक्षांनी आपल्या वडिलांच्या नावाचं सिमेंटचं बाकडं बसवलं होतं. नाव कोरलेलं, रंगवलेलं. वडील अजून धडधाकट होते आणि स्वतःच्याच नावावर रोज संध्याकाळी बसायचे. बाकडं हलणार नाही असं मुकादमाने बजावलं. तेव्हा अकरा फुटांत चार फूट चढायचे होते. घसरगुंडीच झाली ती.

“यावरून माकड चढेल,” भावजय थापी धुताना म्हणाली.

“गप गं,” भाऊ म्हणाला. मालाचा हात फिरवताना तो दोनदा थांबला होता. थापीखाली माल चिकटत नव्हता, सरकत होता. सतरा वर्षं थापी धरलेल्या हाताला ते कळत होतं. पण कागद खिशात होता.

शनिवारी पाहणी झाली. अध्यक्ष आले, मुकादम आला, कचेरीतला तरुण साहेब आला, आणि मागून फोटोवाला. मुकादमाने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “तुझ्या बहिणीला आण रे. खुर्चीसकट. फोटोत बरं दिसतं.”

आक्का ठेवणीतले कपडे घालून आली. खुर्चीचं पुढचं चाक नेहमीसारखं चिवचिवत होतं.

“ताई, हे सगळं तुमच्यासाठीच आहे बरं का,” अध्यक्ष म्हणाले. “जरा हसा.”

“आधी चढू द्या, मग हसते.”

भाऊ मागून ढकलायला लागला, मुकादमाने बाजूचा दांडा धरला. चढण इतकी उभी की पुढची चाकं उचलली गेली आणि आक्काला समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं. फोटोवाला ओरडला, “मान खाली करा, ताई!” तेवढ्यात मागच्या चाकाखाली कच्चकन काहीतरी गेलं. वरचा थर फुटला. वाळूची एक धार झुरझुर करत कडेने वाहायला लागली. खुर्ची तिरकी झाली, मुकादमाने हात सोडला आणि खुर्ची मागे आली. भावाने ती छातीवर घेतली. दोघं बाकड्याच्या पायाशी येऊन थांबली. आक्काचं कोपर सोलवटलं होतं. भावाच्या तोंडाला वाळू लागली होती.

साहेब खाली वाकला. नखाने त्याने रॅम्पची कड खरवडली. ती भुसभुशीत होऊन त्याच्या हातात आली.

“हे काय केलंय तुम्ही? मी काय लिहिलं होतं?”

“एकास बारा,” भाऊ म्हणाला.

“मग?”

“मग तेच घातलंय!”

“कुठे आहे एकास बारा?”

“हे काय! मूठभर उचला आणि मोजा!”

“अहो, एकास बारा लिहिलं होतं मी!”

“अहो साहेब, एकास बाराच घातलंय मी!”

दोघंही तेच तेच ओरडत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं, समोरचा माणूस बहिरा आहे. शेवटी साहेबाने डोक्याला हात लावला. “एक फूट उंचीला बारा फूट लांबी! चढ! चढाचं प्रमाण आहे ते! चार फुटाला अठ्ठेचाळीस फूट पाहिजे होते!”

मग फोटोवाल्याला हसू फुटलं. मग मुकादमाला. अध्यक्षांनी तोंडावर रुमाल धरला. “सिमेंट-वाळू समजला! अरे देवा, सिमेंट-वाळू!” मुकादम मांडीवर थापा मारत म्हणाला. फोनवर अक्कल पाजळू नको म्हणणारा हाच, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आक्काचे कान तापले. वाचलं मी होतं. दोन टिंबंसुद्धा मीच वाचली होती. ती तोंड उघडणार तोच भाऊ म्हणाला, “माझं चुकलं, साहेब. कागद मीच वाचला.”

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. दातांतली वाळू थुंकत होता.

“असू दे, असू दे,” अध्यक्ष म्हणाले. “उद्घाटन उद्याच होईल. रॅम्पवर चार कुंड्या मांडून टाका, फुटलेलं दिसणार नाही. ताईंचं नंतर बघू. त्या काय पाण्यात थोड्याच उतरणार आहेत?”

“उतरणार आहे,” आक्का म्हणाली.

अध्यक्षांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय म्हणालात?”

“पोहायला येतं मला. तुमच्या कठड्याच्या आधीपासून येतं.”

अध्यक्षांनी साहेबाकडे पाहिलं, साहेबाने बुटांवरची वाळू झटकली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी झालं. कुंड्या मांडल्या गेल्या. फोटो छापून आला, त्यात रॅम्प होता आणि रॅम्पवर फुलं होती.

पुढचे पंधरा दिवस कचेरीचे. बाकडं हलवल्याशिवाय अठ्ठेचाळीस फूट मिळत नव्हते, आणि बाकडं हलवायला अर्ज लागत होता. अर्ज अर्जदारानेच, समक्ष, वरच्या मजल्यावर द्यायचा होता. वर जायला तेवीस पायऱ्या. आक्का खाली उभ्या केलेल्या खुर्चीतून खिडकीकडे बघत होती. खिडकीतून कारकुनाने डोकं काढलं.

“वर या, बाई!”

“वर येता आलं असतं तर अर्ज कशाला आणला असता?”

“समक्ष लागतो!”

“मग तुम्ही समक्ष खाली या!”

“माझी जागा वर आहे!”

“चल, मी पाठीवर घेतो,” भाऊ हळूच म्हणाला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याची पाठ तिच्यासमोर आली. शर्ट घामाने चिकटलेला, मणके वर आलेले. सव्वीस वर्षांपूर्वी ही पाठ सपाट आणि कोवळी होती.

“पाठीवर नाही,” ती म्हणाली. तिच्या आवाजातली धार तिला स्वतःलाच लागली. “ऊठ. लोक बघतायत.”

‘लोक बघतायत’ ऐकून भाऊ चटका बसल्यासारखा उठला.

शेजारच्या कट्ट्यावर काठी टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते अध्यक्षांचे वडील निघाले, बाकड्यावर नाव असलेले. मुलाला डबा द्यायला आले होते आणि मुलगा खाली येईपर्यंत तासभर बसणार होते.

“गुडघे,” त्यांनी स्वतःहून सांगितलं. “तेवीस पायऱ्या आता कुठे होतात! आणि तळ्यावरच्या त्या आठ तर माझा जीव घेतात. त्या बाकड्यापर्यंत जातो आणि परत येतो. माझ्या नावावरून पाणी दिसत नाही, माहितीये? नुसत्या पायऱ्या दिसतात.”

“ते बाकडंच मधे येतंय, बाबा,” आक्का म्हणाली.

“कशाच्या मधे?”

तिने सगळं सांगितलं. एकास बारा सांगितलं, अकरा फूट सांगितले, कुंड्या सांगितल्या. एकास बाराला म्हातारा खो खो हसला, पण ते हसणं टोचलं नाही. थोड्या वेळाने अध्यक्ष डब्यासाठी खाली आले.

“बाकडं वर ने माझं,” म्हाताऱ्याने फर्मावलं. “ओट्यावर, पाण्यासमोर. आणि या बाईचं ते उतरतं काय आहे ते लांबच लांब होऊ दे. मीही त्यावरून चढेन.”

“अप्पा, त्याला अर्ज...”

“अर्ज तिच्या हातात आहे. घे. समक्ष.”

मुकादमाने या वेळीही हात वर केले आणि काम पुन्हा भावाच्याच अंगावर पडलं. भावाने कुंड्या उतरवल्या, पहार घेतली आणि आपणच बांधलेलं फोडायला लागला. फोडायला फारसे कष्ट पडले नाहीत. दोन घावांत कड ढासळायची. “निदान तोडायला तरी सोपं बांधलंय,” भावजय म्हणाली, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा तिघंही हसली.

या वेळी आक्काने कागदावर विश्वास ठेवला नाही. घरच्या अंगणात तिने बारा विटा एकापुढे एक लावल्या आणि त्याच लांबीची फळी काढली. फळीच्या एका टोकाखाली एक वीट उभी केली. मग खुर्ची फळीवर घातली आणि चाकांवर हात ठेवून हळूहळू वर गेली. एकटी. खांद्याला ओढ लागली नाही, पुढची चाकं उचलली नाहीत, समोर आभाळाऐवजी समोरचंच दिसत होतं. ती खाली आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. भावजय दारात हात पुसत उभी होती.

“वन्सं, आज स्वयंपाक मी एकटीनेच करू का?”

“कर गं. मला अजून दोनदा जाऊ दे.”

ओट्याच्या कडेने रॅम्प निघाला, चोवीस फुटांवर सपाट जागा घेऊन वळला आणि परत येऊन ओट्याला भिडला. दोन्ही बाजूंना हाताला धरायला पाईप. आक्का रोज तिथेच सावली धरून बसायची आणि चाळायची. एकास चार. उन्हाने वाळू इतकी तापायची की बोटांची टोकं भाजायची. भाऊ दोरी ताणून दर फुटाला चढ तपासायचा, पाईपात पाणी भरून पातळी बघायचा. पाच दिवस माल पाण्याने भिजवत ठेवला. सहाव्या दिवशी पहारीने ठोकून पाहिला. टण् आवाज आला.

“आता बोलतोय,” तो म्हणाला.

आठवड्याने ती तळ्यावर गेली, सकाळी, पोहायची वेळ असते तेव्हा. भाऊ मागे चालत होता. हात दांड्याजवळ, पण दांड्याला न लावता. चोवीस फूट. वळण. चोवीस फूट. वर म्हाताऱ्यांचं बाकडं पाण्यासमोर मांडलं होतं आणि ते त्यावर बसून पाय हलवत होते. आक्काला धाप लागली होती, पण ती खरी, चांगली धाप होती. पाण्याचा गार वास आला. सव्वीस वर्षांनी.

पाण्याकडच्या फाटकाशी राखणदार बसला होता. त्याने खुर्ची पाहिली, मांडीवरचा टॉवेल पाहिला, आणि त्याच्या कपाळावर कंटाळा उमटला.

“बघायला आलात ना? बसा ओट्यावर.”

“पोहायला आलेय.”

“तुम्ही?” तो उठलाही नाही. “असं नाही चालत, ताई. काही झालं तर माझी नोकरी जाईल. यादीत तुमच्यासारख्यांचं काही लिहिलेलं नाही.”

“नको असंही लिहिलेलं नाही ना?”

“अहो...” त्याने पलीकडे पाहिलं. पाण्यात पाच-सहा जण डुंबत होते, कोणीतरी उडी मारली, पाणी उसळलं. राखणदाराला वाद नको होता. त्याने आवाज मऊ केला, समजूत घालतात तसा. “आज नकोच. आज पाणी खराब आहे हो. अंगाला खाज सुटते.”

आक्काचे हात चाकांवर तसेच राहिले. मागून श्वासाचा आवाज आला, मोठा, अडकलेला. ओझं उचलताना येतो तसा. तिने मान वळवली नाही. सव्वीस वर्षं तिने काही विचारलं नव्हतं. आजही विचारणार नव्हती.

“पाणी खराब नाहीये,” भाऊ म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत? मी इथे...”

“पाणी खराब नाहीये!” तो इतका मोठ्याने ओरडला की पाण्यातली माणसं थांबली. मग तो खुर्चीच्या पुढे आला आणि बहिणीसमोर उकिडवा बसला. या वेळी पाठ नाही, तोंड तिच्याकडे करून. सिमेंटने फाटलेली बोटं त्याने तिच्या निर्जीव गुडघ्यांवर ठेवली.

“तेव्हाही नव्हतं, आक्का. पोरं मागे लागायची. गाढवावर ओझं, गाढवावर ओझं, असं ओरडायची. मला लाज वाटली. तुझी लाज वाटली मला, म्हणून खोटं बोललो. पाणी चांगलं होतं. तू रोज दाराकडे बघत बसायचीस, आणि पाणी रोज चांगलं होतं.”